केळीच्या घडाचं कफन

माझ्या आईनं केळीच्या घडाला कफन घालून शाळा चालवली, असं शिरूरच्या आमच्या जमातीत अजून हसत सांगतात. लग्नाच्या पंगतीत एखादा म्हातारा मला ओळखतो, शेजारच्याला कोपरानं ढोसतो आणि म्हणतो, "ही त्या केळीवाल्या खालाची पोरगी." पूर्वी मी ताटावरून उठायचे. आता उठत नाही. दौंडच्या यार्डात माझ्याशी भाव करताना भले भले व्यापारी आवाज खाली ठेवतात, कारण माझं तोंड एकदा सुटलं की मलासुद्धा ते आवरत नाही. पण या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं तोंड मिटून बसले. हसणाऱ्यांना ती अर्धीच माहीत आहे, आणि अर्धा माल दाखवून पुरा भाव लावणाऱ्याला मी माझ्या गाळ्यासमोर उभं करत नाही. म्हणून ती पुरी लिहून ठेवते.

शिरूरला आमची केळीची वखार होती. अब्बा आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना मी बडे अब्बा म्हणायचे, अशी दोघांच्या नावावर. आमचं घर वखारीला चिकटून, मध्ये फक्त एक पत्र्याचं दार. कच्चे घड आले की अब्बा ते आतल्या खोलीत उसाच्या पाचटात रचायचे, धुरी द्यायचे आणि दाराच्या फटी ओल्या गोणपाटानं बुजवायचे. त्यामुळं आमच्या घरात बारा महिने धुराचा आणि पिकल्या केळ्यांचा वास असायचा. तो माझ्या दप्तराला यायचा, अब्बांच्या टोपीला यायचा, ईदच्या नव्या कपड्यांनासुद्धा दुपारपर्यंत लागायचा. वर्गातल्या पोरी मला 'शिकरण' म्हणायच्या. एकीला मी त्यापायी पाटीनं मारलं होतं. आता केळी थंड बंद खोलीत पिकतात. तशा खोल्या माझ्या स्वतःच्या आहेत, आणि त्यांना कसलाही वास नाही. घरात आम्ही आमची दख्खनी बोलायचो, निम्मी हिंदी, निम्मी मराठी. इथं मी बहुतेक सगळं मराठीतच लिहिते, कारण मला नीट रागावता येतं ते मराठीतच.

शनिवारी शिरूरचा बाजार. उजाडायच्या आधीच टेम्पो यायला लागायचे, कोंबड्यांच्या खुराड्यांचा कलकलाट, पालाच्या खुंट्या ठोकल्याचे आवाज, आणि त्या सगळ्यातून अब्बांचं "नसीम, तराजू" असं बारीक आवाजातलं बोलावणं. अब्बा भाव करायला लाजायचे. गिऱ्हाइकानं दोनदा मागितलं की देऊन टाकायचे. मी लाजत नव्हते, म्हणून कळायला लागल्यापासून तराजूपाशी मी असायचे. बाजाराला केंदूर, मांडवगण फराटा, कोरेगाव भीमा अशा गावांहून आमची माणसं यायची. त्या गावांत आमची घरं म्हणजे एखाददुसरं, फार तर तीन. कुणी बांगड्या विकायचं, कुणी गाद्या पिंजायचं, कुणी मुलाणी. जत्रेत, लग्नात, भांडणात ती गावाचीच होती. पण गावात मशीद नाही, शिकवणारा नाही, आणि रोज शिरूरला पोर धाडायची ऐपत नाही. बाजाराच्या दिवशी मात्र ती पोरांसकट यायची, आणि ही पोरं दिवसभर पालाखाली लोळून एकमेकांवर केळीच्या साली फेकायची.

या पोरांना माझ्या आईनं वखारीत बसवलं. अम्मी केंदूरची. तिचे वडील वारले तेव्हा अख्खा गाव दाराशी आला होता. मराठ्यांच्या पोरांनी कबर खोदली, धनगराच्या म्हातारीनं चुलीवर हंडाभर पाणी तापवलं, कुणीतरी कोरं कापड आणलं. पण मय्यतीला आंघोळ कशी घालायची, कापड कसं लपेटायचं, नमाजेला पुढं कुणी उभं राहायचं, हे कुणालाच येईना. शिरूरहून जाणता माणूस येईपर्यंत माझे आजोबा दिवसभर अंगणात पडून राहिले. अम्मी सांगायची, "शंभर माणूस उभं होतं, आणि एकालाही येत नव्हतं. मलाही नाही." तेव्हा ती लग्न होऊन आलेली कोवळी पोर होती. पुढं शिरूरात मेलेल्या बायकांना आंघोळ घालणाऱ्या एका म्हातारीच्या मागं लागून आणि सासऱ्यांकडून एकेक ओळ घोकून तिनं ते सगळं शिकून घेतलं. मग शनिवारी वखारीत गोणपाट अंथरले.

तिची शिकवायची तऱ्हा कुठल्या पुस्तकात नव्हती. सकाळी ती पोरांना एक सबक, म्हणजे धडा, द्यायची, अगदी थोडा, अरबीत आणि लगेच मराठीत त्याचा अर्थ. सांगायची, "हे इथं ठेवून जायचं नाही. घरी न्यायचं आणि आईला द्यायचं." पुढच्या शनिवारी ती पोराला काही विचारतच नसे. पदर खोचून बाजारात जायची आणि पालापालाशी उभी राहून पोरांच्या आयांना विचारायची. पोराला आलं की नाही ते आईवरून कळायचं. मांडवगणची हलिमाखाला लाल मिरची विकायची. भांडखोर बाई, माझ्या आवडीची. समोर गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची आणि ती मिरचीच्या ढिगात हात खुपसून डोळे मिटून कुराणातली सुरा म्हणायची. एखादी शेतकरीण घाई करायला लागली की शेजारची धनगराची सखूमावशी तिला गप्प करायची, "थांब की गं बया, तिची परीक्षा चाललीया. मागल्या टायमाला नापास झालती." हलिमाखाला एक डोळा उघडून म्हणायची, "नापास तुझा नवरा झालता," आणि पुन्हा डोळा मिटून पुढं म्हणायला लागायची. अख्ख्या वर्षात एकही पोर मागं पडलं नाही, कारण आईची बाजारात फजिती झालेली कुठल्याच पोराला चालत नव्हती.

दुसरी एक गोष्ट होती, ती मला तेव्हा फालतू वाटायची. पोर म्हणताना अडकलं तर अम्मी लगेच शब्द द्यायची नाही. बाकीच्यांनी हसायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. ती नुसती बघत राहायची, तोंडाकडं नाही, खांद्यांकडं. "आधी दिला तर भिकारी होतं," ती मला म्हणाली होती. "उशिरा दिला तर त्या जागेची भीती बसते, मग जन्मभर पोर तिथंच अडकतं. खांदे हलले की द्यायचा." मी म्हटलं, एवढं थांबत बसलीस तर दुपार होईल. व्हायचीही. दुपारी मग काळ्या पडलेल्या केळ्यांचं गूळ घालून केलेलं शिकरण आणि चपात्या. पोरं बोटं चाटत आपापल्या पालाकडं पळायची.

वर्षाच्या शेवटी तिनं मोठ्या पोरांना जनाजा शिकवायला घेतला. तिच्या मते शाळा होती ती त्याचसाठी, बाकी सगळं त्याची तयारी. आंघोळ कशी, पाणी कुठून कुठं, बाईला पाच कापडं आणि पुरुषाला तीन, कुठलं खाली, कुठलं वर, गाठ कुठं. हे नुसतं सांगून हाताला येत नाही. बाहुलीवर शिकवायचं तिला पटेना. आणि वखारीत पोराएवढ्या लांबीचे घड टांगलेले होते. तिनं एक चांगला वजनदार घड उतरवून घेतला, दांडा म्हणजे डोकं धरलं, शेवटच्या फण्या म्हणजे पाय, आणि जुन्या धोतराची कापडं फाडून पोरापोरींकडून तो लपेटून घेतला. केळ दबलं तर हात जड पडला असं समजायचं. मला आठवतं, पहिल्या दिवशी आम्ही सगळे खिदळत होतो. अम्मी रागावली नाही. फक्त म्हणाली, "हसून घ्या. त्या दिवशी हसू येणार नाही, तेव्हा हातांना येत असलं म्हणजे झालं."

जनाज्याच्या नमाजेत वाकणं नाही, माथा टेकणं नाही. उभ्याउभ्या चार वेळा अल्लाहु अकबर म्हणायचं, ती तकबीर, आणि मधल्या जागी मनातल्या मनात म्हणायचं ते वेगवेगळं. अम्मीनं एका बाजाराला एक तकबीर असं वाटून दिलं होतं. पुढं उभं राहायला तिनं हलिमाखालाच्या युनूसला निवडलं. तेरा-चौदाचा, उंच, अबोल, शिकायला मंद, पण एकदा बसलं की न विसरणारा. मांडवगणमध्ये त्यांचं आणि त्याच्या चुलत्यांचं अशी दोनच घरं होती, आणि त्याचे वडील गफूरभाई पिंजण वाजवण्यात पटाईत असले तरी ईदच्या नमाजेलाही शेजारच्याचं बघून वाकायचे.

त्याच वर्षी बडे अब्बा जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, झाले होते आणि त्यांनी मशिदीच्या वर हॉल बांधला होता. खरं ते खरं सांगते, हॉल चांगला होता. पंखे होते, बाकं होती, फळा होता, आणि लांबून आणलेले तरुण मौलाना होते. दर रविवारी सकाळी वर्ग, हजेरी, एकसारख्या टोप्या. गावातल्या दुकानदारांची पोरं जायला लागली. पण रविवारी दौंडचा बाजार. शनिवारी शिरूरला आलेली माणसं रात्रीच दौंडच्या वाटेला लागायची. अम्मीनं बडे अब्बांना हे एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "ज्यांना दीन हवा, धर्माचं शिकायचंय, ते येतील."

तो दिवस दुसऱ्या तकबीरीचा. घड पांढऱ्या कापडात पूर्ण लपेटून मध्ये ठेवलेला, त्याच्यापुढं युनूस, मागं पोरांच्या तीन ओळी, आम्ही पोरी बाजूला पाचटावर. सगळे मोठ्यानं म्हणत होते, कारण शिकताना मोठ्यानं म्हणायचं असा अम्मीचा नेम. आणि पत्र्याचं दार उघडून बडे अब्बा मौलानांना घेऊन आत आले. वखारीतली पोरं हॉलकडं वळवायची म्हणून ते नावं विचारायला आले होते. पांढरं कापड बघून त्यांचा चेहराच उतरला. क्षणभर त्यांना खरीच मय्यत वाटली असणार. मग त्यांना दांडा दिसला.

"ये क्या है?" ते म्हणाले. त्यांनी वाकून कापडाचं टोक धरलं आणि ओढलं. घड गडगडत गेला, फण्या तुटल्या, केळी पोरांच्या पायांत फुटली. "मय्यतीचा खेळ मांडलाय? घरात जिवंत माणसं असताना?" मौलाना खाली बघत उभे होते. मला वाटतं त्यांना शरम वाटत होती, पण शरम वाटून गप्प बसणाऱ्यांचा मला जास्त राग आहे.

अम्मीनं आधी युनूसकडं पाहिलं. "तू कुठं थांबलास ते लक्षात ठेव," ती म्हणाली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि थोरल्या दिराशी ती आयुष्यात पहिल्यांदा समोरून बोलली. "भाईसाब, दो बाजार देव. दोन तकबीरी राहिल्यात. मग मी स्वतः पोरं हॉलमध्ये आणून सोडते."

"एक बी नै."

"ही पोरं रविवारी येऊ शकत नाहीत."

"तर मग त्यांच्या बापांना कळू दे, काय महत्त्वाचं ते. जनाजा तिसऱ्या वर्षाच्या किताबात आहे. तेव्हा शिकतील."

मला राहवलं नाही. सौदा तुटताना गप्प उभं राहणं माझ्या रक्तात नाही. मी पाचटावरून उठले आणि म्हणाले, "बडे अब्बा, एक बाजार द्या. बरं, आज दुपारपर्यंत द्या. दोन्ही तकबीरी आत्ता उरकून घेते अम्मी." ते माझ्याकडं बघून हसले. ते हसणं मी अजून विसरले नाही. "पोरीला बोलायला शिकवलंत," ते अब्बांना म्हणाले, "कुठं थांबायचं ते शिकवा." अब्बा दारात तराजू हातात घेऊन उभे होते. वखार दोघांची होती. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. ते म्हणाले, "झालं, झालं. जाऊ द्या." मी यार्डात हजारो सौदे केले. हरलेले आठवत नाहीत, कारण ते नंतर कुठंतरी भरून निघाले. हा एकच भरून निघाला नाही.

पुढच्या शनिवारी वखारीला बडे अब्बांचं कुलूप होतं. पोरं आली, दाराशी थांबली, परत गेली. अम्मी तरीही हलिमाखालाच्या पालाशी जाऊन उभी राहिली आणि युनूसला तिथंच तिसरी तकबीर सांगायला लागली. तेव्हा बडे अब्बांचा माणूस दोन पालं सोडून वांगी निवडत होता. हलिमाखालानंच तिला थांबवलं. "राहू दे खाला," ती म्हणाली. "माझ्यापायी तुमच्या घरात भांडण नको. कोण मरतंय आत्ता लगेच?"

उन्हाळा तापला होता. वैशाखात लांब कुठंतरी इज्तेमा, म्हणजे मोठा धार्मिक मेळावा, होता, आणि शिरूरचे झाडून सगळे पुरुष गाड्या करून तिकडं गेले होते. बडे अब्बा, मौलाना, आणि नको नको म्हणत अब्बासुद्धा. मशिदीत अजान द्यायला पायांनी अधू, मशिदीबाहेर न पडणारे एक म्हातारे तेवढे उरले होते. अशात एका सकाळी मांडवगणहून दुधाचा टेम्पो आला आणि ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला, "खाला हायत का? हलिमाभाभी गेली. चुलीपाशी बसल्या बसल्या. आबांनी धाडलंय, म्हणलं कुणालातरी घिऊन ये."

अम्मीनं ट्रंकेतून कोरं कापड काढलं, कापूर, साबण घेतला आणि मला म्हणाली, "चल." टेम्पोत रिकाम्या कॅनांच्या मध्ये आम्ही दोघी बसलो. कॅन एकमेकांवर आदळत होते. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, ते मलाच ऐकू आलं नाही.

गफूरभाईंचं घर गावाच्या कडेला, पुढं मोठं अंगण, अंगणाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. गावची माणसं उन्हात बसून होती. आबा म्हणजे तिथले मोठे बागायतदार, सोसायटीचे जुने चेअरमन. हातात काठी, डोक्याला उपरणं. त्यांनी कबर खोदायला पोरं लावली होती. "काळी जमीन हाय, खोल घेतलीया," त्यांनी अम्मीला सांगितलं, जशी काही तिनं तक्रार केली असती. "पानी तापलंय. आजून काय लागंल त्ये सांगा बाई. पर त्ये म्हनायचं तेवढं आमच्यातल्या कुनाला म्हनता येत न्हाई."

आत आम्ही तिघी. अम्मी, मी आणि युनूसची चुलती. चुलतीच्या हातून तांब्या दोनदा पडला. माझे हात चुकले नाहीत. मला स्वतःचं आश्चर्य वाटलं आणि थोडी भीतीही. पाणी कुठून कुठं घालायचं ते त्यांना येत होतं. पाच कापडं कुठल्या क्रमानं अंथरायची ते येत होतं. घडाचा दांडा जिथं असायचा तिथं हलिमाखालाचं डोकं होतं, एवढाच फरक, आणि हात तो फरक करत नव्हते. तिची नखं मिरचीनं लाल झालेली. वर्षानुवर्षांचा रंग. मी साबण लावून घासत राहिले, तो काही निघेना. अम्मीनं माझं मनगट धरलं. "राहू दे," ती म्हणाली. "तो मेहनतीचा आहे. तसाच जाऊ दे."

मग तिनं युनूसला मागच्या परड्यात बोलावलं. उभ्याउभ्या त्याला तिसऱ्या तकबीरीनंतरची दुआ दिली, पुन्हा दिली, पुन्हा दिली. ज्याची आई आत पांढऱ्या कापडात पडली आहे त्या पोराच्या डोक्यात काय राहणार? पाण्यावर ओढलेल्या रेघा. तो मान हलवत होता. आबा परड्याच्या तोंडाशी आले. "पोरा, येतंय न्हवं?"

"निम्मं येतंय, आबा."

"मंग निम्मं तरी म्हन बाबा. ऊन चढलंय."

"येतंय सगळं," युनूस मग अम्मीकडं न बघता म्हणाला.

अंगणात जनाजा ठेवला. पुढं युनूस, मागं गफूरभाई, दोन चुलते, वीटभट्टीवर कामाला आलेले परगावचे चार मजूर. त्यांच्या मागं गाव. मराठ्यांची, धनगरांची माणसं, चपला काढून, उपरणी डोक्यावर घेऊन. आम्ही बायका दाराच्या आत, कुडाला लागून. कुडाच्या फटीतून मला युनूसची पाठ दिसत होती. पहिली तकबीर त्यानं खणखणीत म्हटली. दुसरीही. मग तिसरी म्हटली, आणि शांतता झाली. तशी ती होणारच, मधलं सगळं मनातच म्हणायचं असतं. बाहेरच्या कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मीही मनात म्हणत होते. पण ती शांतता लांबत गेली. कुंपणापलीकडं शेळी ओरडली. गफूरभाईंनी थोडी मान उचलली. माझ्याशेजारी अम्मी फटीला डोळा लावून उभी होती. ती पोराच्या खांद्यांकडं बघते आहे, हे मला कळलं. मग मीही तिकडं बघितलं. खांदे हलले.

अम्मी मोठ्यानं म्हणाली, "अल्लाहुम्मग्फिर लि हय्यिना व मय्यितिना." ऐ अल्लाह, आमच्या जिवंतांना आणि आमच्या मेलेल्यांना माफ कर. तिचा आवाज कुडातून अंगणभर गेला. मग युनूसनं तेच शब्द मोठ्यानं म्हटले, वर्गात म्हणायचा तसे. अम्मीनं पुढचे दिले. त्यानं ते घेतले. सगळी दुआ अशी शब्दाशब्दानं झाली, एक बाई आतून, एक पोर बाहेरून. चौथी तकबीर त्यानं आपली आपण म्हटली आणि मान वळवून सलाम फिरवला, नमाज संपली. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. मांडवगणमध्ये कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. संध्याकाळी चार घरांतून पिठलं-भाकरी आली. सखूमावशी बाजाराच्या ओळखीवर चालत आली होती. ती युनूसच्या हातात भाकरी देत म्हणाली, "तुझी आय पास झाली रं बाबा."

शिरूरात ते चुकीचं वाटलं. इज्तेम्यावरून माणसं परतली तोवर वीटभट्टीवरच्या एकानं कुठंतरी सांगितलं होतं, आणि ते वाढत वाढत, बाईनं जनाजा पढवला, म्हणजे इमाम होऊन नमाज चालवली, असं झालं होतं. मशिदीच्या आवारात बडे अब्बांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हिनं लोकांसमोर माफी मागावी. अम्मी गेली नाही. आठ-पंधरा दिवसांत निरोप आला, बरं, लोकांसमोर नको, चार वडिलधाऱ्यांसमोर मागू दे. ती गेली नाही. मग अब्बांनीच येऊन सांगितलं, भाईजान म्हणतात घरातल्या घरात, त्यांच्या एकट्यासमोर म्हटलं तरी चालेल. मी ऐकत होते. समोरचा खाली खाली येतोय, आता थोडं आपणही यावं, असं बाजारातलं कुठलंही शहाणं माणूस म्हणेल. अम्मी चपात्या लाटत होती. "काय म्हणू?" तिनं विचारलं. "पोराला शब्द दिला, चुकलं?" अब्बा टोपी उचलून बाहेर गेले. ती शेवटपर्यंत जागची हलली नाही, आणि त्याची वसुली सगळ्या घराकडून झाली. लग्नांची बोलावणी थांबली. माझ्या मोठ्या बहिणीचं ठरत आलेलं मोडलं. अब्बा आणि बडे अब्बा वेगळे झाले, तेव्हा वखार बडे अब्बांकडं राहिली. आम्ही दौंडला आलो. स्टेशनबाहेर मी फळांची हातगाडी लावली. पुढचं सगळं त्या गाडीवरून उभं केलं, माझ्या तोंडाच्या जोरावर, कुणाचे उपकार न घेता. मशिदीवरच्या त्या हॉलच्या भिंतीला आज संगमरवरी पाटी आहे. तीवर बडे अब्बांचं नाव आहे आणि खाली लिहिलं आहे की शिरूरातली मुलांची पहिली सुट्टीच्या दिवसाची दीनी शाळा त्यांनी सुरू केली. पहिली. मी ती पाटी हात न लावता वाचून आले आहे.

बऱ्याच वर्षांनी दौंडला आमच्याकडं फळं घ्यायला येणाऱ्या एका वयस्कर आलिमांना, म्हणजे धर्मपंडितांना, मी हे सगळं विचारलं. ते म्हणाले, बेटी, चार तकबीरी झाल्या की जनाजा होतो. मधली दुआ कुणाला येत नसली, नुसता गप्प उभा राहिला, तरी नमाज झाली. मी तशीच घरी गेले. अम्मी दारात बसून केळीच्या फण्या सुट्या करत होती. मी उभ्याउभ्या तिच्यावर ओरडले. नमाज होणारच होती, तर तू बोललीस कशाला? तुझ्या एका वाक्यापायी घर गेलं, बहिणीचं लग्न मोडलं, अब्बा झुरून गेले. हे ठाऊक नव्हतं तुला?

"ठाऊक होतं," ती म्हणाली. सुरी तिनं खाली ठेवली नाही. "मय्यतीची नमाज झाली असती गं. पोरगं जन्मभर तिथंच उभं राहिलं असतं."

मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पुरतं पटलं आहे असं म्हणणार नाही. दुसऱ्याच्या पोरासाठी आपल्या पोरींचं देऊन टाकायचं, हा कुठला भाव?

अम्मी गेली ती दौंडलाच. जनाजा मोठा झाला. इथल्या इमामांनी पढवला, सगळं रीतीनं, सगळं मनात. युनूस मांडवगणहून आला होता. आता त्याची मिरची कांडपाची गिरणी आहे, दाढी पांढरी झाली आहे. तो मागच्या ओळीत उभा होता. दफन झाल्यावर तो माझ्याकडं आला, टोपी हातात चुरगाळत, लहानपणी अडकला की उभा राहायचा तसा.

"तिसऱ्या तकबीरीला माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं," तो म्हणाला. "आख्ख्या ओळीनं वळून बघितलं. बाजूच्यानं कोपर मारलं, गप म्हनून."

"मग थांबलास?" मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "पुरं केलं."